बर्गनच्या लाकडी पेठेतून

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आमचे जहाज सकाळी नॉर्वेतील बर्गन बंदराच्या धक्क्याला लागले आणि संध्याकाळी पुन्हा निघणार होते. बरेचसे सहप्रवासी बसने शहर पाहायला गेले. आम्ही मात्र धक्क्यापासून चालत जाण्याजोग्या ब्रिगन या जुन्या लाकडी पेठेतच दिवस घालवायचे ठरवले. बाबा, लाकडाच्या वखारीत तुमचा जन्म गेला, म्हणून तेथले सारे तुम्हाला सविस्तर कळवावे असे फार वाटले.

समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या लाल, पिवळ्या, पांढऱ्या इमारतींच्या मधून अरुंद बोळ आत जातात. बोळात शिरताच डांबराचा आणि जुन्या लाकडाचा वास येतो. कोपऱ्यांवर ओंडके खाचा पाडून एकमेकांत बसवलेले आहेत. एका भिंतीचा खालचा कुजलेला ओंडका काढून तेथे पाइनचा नवा, फिकट ओंडका इतका नेमका सांधला होता की मी बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिले. ते काम तुम्ही पाहायला हवे होते.

हान्झा या जर्मन व्यापारी संघाने सुमारे १३६० मध्ये येथे पेढी थाटली आणि ती १७५४ पर्यंत चालली. आम्ही राहतो ते हॅम्बुर्गही त्याच संघातले. आई, सगळा व्यापार सुक्या मासळीचा होता. उत्तरेच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा आपल्याकडच्या बोंबलासारखा मांडवांवर, मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यात वाळवत. तो बोटींनी बर्गनला येई आणि त्याच्या बदल्यात उत्तरेकडे धान्य जाई, कारण तिकडे ते पुरेसे पिकत नसे. युरोपात उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य असल्याने या टिकाऊ मासळीला दूरदूरची गिऱ्हाइके होती.

पेठ सगळी लाकडाची, म्हणून घरांत चूल पेटवायला बंदी होती. स्वयंपाक, ऊब आणि एकत्र जेवण हे सारे मागच्या बाजूला वेगळ्या बांधलेल्या सभागृहांत होई. त्यांतले एक आम्ही पाहिले. जर्मनीहून कामाला आलेली कोवळी पोरे दिवसभर गारठ्यात मासळीचे गठ्ठे हलवून रात्री बिनविस्तवाच्या खोलीत झोपत असतील, हे मनात आले आणि जीव कळवळला.

एवढी काळजी घेऊनही १७०२ मध्ये ही पेठ जळून खाक झाली. लोकांनी ती त्याच जागांवर, त्याच मांडणीत पुन्हा उभी केली, आणि आज दिसते ती प्रामुख्याने तेव्हाची बांधणी. १९५५ च्या आगीत पुन्हा मोठा भाग गेला, पण त्या राखेखाली उत्खनन झाले तेव्हा रून या उत्तर युरोपातल्या प्राचीन लिपीतला मजकूर कोरलेल्या लाकडी काठ्या शेकड्यांनी सापडल्या. काही व्यापाऱ्यांच्या मालावरच्या खुणेच्या चिठ्ठ्या आहेत, तर एकीवर ‘गीदा सांगते आहे, तू घरी जा’ असा निरोप आहे. राजांचे शिलालेख पुष्कळ पाहिले, पण साध्या घरातले बोलणे इतक्या शतकांनंतर वाचायला मिळणे मला अधिक मोलाचे वाटते. १९७९ पासून ब्रिगन जागतिक वारसा यादीत आहे आणि आता तेथे ६२ इमारती उरल्या आहेत.

बाबा, सर्वांत मोठा धोका मात्र पायाखाली आहे. पायाचे लाकूड भूजलात बुडालेले असेपर्यंत हवेअभावी टिकते. शेजारच्या नव्या बांधकामामुळे पाण्याची पातळी उतरली, लाकूड कुजू लागले आणि इमारती खचू लागल्या. त्यावर उपाय म्हणून पावसाचे पाणी मुद्दाम जमिनीत मुरवले जाते. बर्गनला वर्षात दोनशेहून अधिक दिवस पाऊस असल्याने पाण्याची ददात नाही.

जाता-येता १२६१ चे हाकोन राजाचे दगडी सभागृह बाहेरूनच पाहिले. शेवटी १९१८ पासून चालणाऱ्या दोरखंडाच्या रेल्वेने सुमारे ३२० मीटर उंचीवरच्या फ्लॉयन डोंगरावर गेलो. एकही पायरी न चढता थेट माथ्यापाशी उतरता येते, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही हॅम्बुर्गला याल तेव्हा बर्गनला नक्की जाऊ. पासपोर्टची मुदत तेवढी पाहून ठेवा आणि मला कळवा, म्हणजे व्हिसाच्या कागदपत्रांना लागता येईल. आई, छत्री आणि लोकरीचा स्वेटर मात्र जूनमध्येही लागेल.

तुमची लाडकी,
लेक