गिअरबॉक्सचं तेल आणि आईची काळजी

कोलंबस, ओहायो
२० सप्टेंबर

ती. आबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. जेवणाखाण्याचं, ऑफिसचं, थंडीचं नेहमीचंच, ते पुन्हा लिहीत नाही. हे पत्र मी गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल स्वतः बदलते त्याबद्दल आहे. फोनवर ते नीट सांगता आलं नाही आणि आईच्या मनात भलतंच चित्र उभं राहिलंय.

आई, आधी तुझ्यासाठी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जायचं नसतं आणि मी जातही नाही. जॅक फक्त उचलण्यापुरता. सपाट सिमेंटची जमीन, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी, म्हणजे चाक अडवायचे ठोकळे. मग पुढचा भाग उचलायचा, पुढच्या चाकांमागे बॉडीच्या कडेला जी जाड केलेली जागा असते तिथे दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावायचे आणि गाडी त्यांच्यावर टेकवायची. त्यानंतर गाडीला बाहेरून दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायचं. तसूभर जरी हलली तरी खाली उतरवून पुन्हा लावायची. आमच्या अपार्टमेंटच्या करारात पार्किंगमध्ये दुरुस्ती करू नये असं लिहिलंय, म्हणून हे काम मैत्रिणीच्या घरच्या गॅरेजमध्ये होतं आणि ती व तिचा नवरा दोघंही घरात असतात. गाडीखाली जायचं ते बोल्ट काढायला आणि लावायला, बाकी सगळा वेळ बाहेरच.

आबा, आता तुमच्यासाठी. ‘गिअरबॉक्सला घरी हात लावू नये’ असं तुम्ही म्हणालात. एसटीच्या गिअरबॉक्सबद्दल ते शंभर टक्के पटतं, पण इथे गिअरबॉक्स उघडायचाच नाही. साध्या गिअरबॉक्समधलं तेल दात भिजते ठेवतं, तेवढंच त्याचं काम. माझ्या गाडीसारख्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लचची प्लेट दाबायची तर तेलाच्या दाबाने, इंजिनचा जोर पुढे न्यायचा तर टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून, आणि ही सगळी उष्णता बाहेर काढायची तीही तेलानेच. म्हणून ते तेल पातळ असतं, लाल रंगाचं असतं आणि तुमच्या ९० नंबरच्या तेलाशी त्याचा काही संबंध नाही. ते जुनं झालं की आधी गिअर बदलताना हलका धक्का बसायला लागतो, आणि तसंच चालवत राहिलं तर क्लच घसरतात. मग मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि तो खर्च ऐकून तुम्ही गाडीच विका म्हणाल.

माझी अकॉर्ड २०१० ची, चार सिलिंडरची, पाच गिअरची ऑटोमॅटिक. इथून तासाभराच्या आत मेरीसव्हिलला होंडाचा कारखाना आहे, १९८२ पासून वर्षानुवर्षं तिथे अकॉर्ड बनली, त्यामुळे या गाडीचा बोल्ट-वायसर इथे गल्लोगल्ली मिळतो. तेल बदलायची वेळ गाडी स्वतः सांगते: मीटरवर सर्व्हिसच्या अक्षरापुढे ३ हा आकडा आला की ट्रान्समिशनचं तेल. या गाडीला तेलाचं खालचं पॅन नाही, त्यामुळे गॅस्केटची भानगड नाही. जाळी आत बसवलेली आहे, गिअरबॉक्स खोलल्याशिवाय निघत नाही, म्हणून तिला हात लावायचा नाही. काम एवढंच की खालून काढायचं आणि वरून भरायचं.

गाडीत एकूण तेल साधारण साडेसहा लिटर, पण ड्रेन बोल्टमधून निघतं अडीचेक लिटरच. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये अडकून राहतं. म्हणजे एकदा बदललं की जेमतेम ३८ टक्के नवं. मध्ये काही दिवस गाडी चालवून दुसऱ्यांदा बदललं की ६२ आणि तिसऱ्यांदा ७७ च्या आसपास. काही दुकानं मशीन लावून सगळं तेल एकदम धुऊन काढून देतो म्हणतात. मला ते पटत नाही. होंडा स्वतः काढा-भरा हीच पद्धत सांगते, आणि दाबाने आत सोडलेलं तेल बसलेला गाळ उठवून व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांत नेऊन घालू शकतं.

तेल होंडाचंच डीडब्ल्यू-१ घ्यायचं. आधी झेड-१ होतं, ते बंद करून हे आणलं. ‘सगळ्या गाड्यांना चालेल’ असं लिहिलेलं स्वस्त तेल घेऊ नये, कारण क्लचची पकड तेलातल्या मिश्रणावर ठरते आणि इथे वाचवलेले दहा डॉलर पुढे फार महाग पडतात. बाटली ९४६ मिलिलिटरची, अशा तीन लागतात. जोडीला १८ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा नवा वायसर. जुना एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही आणि थेंब थेंब गळायला लागतो.

सुरुवात गाडी दहा मिनिटं फिरवून आणून करायची. तेल कोमट हवं, उकळतं नको. थंड तेल पूर्ण उतरत नाही, आणि उकळतं हातावर आलं तर भाजतं. सायलेन्सरचा पाइपही तिथेच जवळून जातो. इंजिन बंद करून, गाडी उचलायच्या आधीच, वर डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढून भोक मोकळं आहे ना ते बघायचं. हा नियम आबा तुमचाच आहे: भरायची वाट उघडत असल्याची खात्री झाल्याशिवाय काढायची वाट उघडायची नाही.

ड्रेन बोल्ट ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे इथे डाव्या हाताला, गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला असतो. त्याला षटकोनी डोकं नाही, मध्ये चौकोनी खाच आहे. तीन-अष्टमांश इंचाच्या रॅचेटचं टोक सॉकेट न लावता थेट त्यात बसतं. ही खूण महत्त्वाची, कारण इंजिन ऑइलचा बोल्ट १७ च्या पान्याचा असतो. इथे पुष्कळ लोक इंजिन ऑइल म्हणून गिअरबॉक्स रिकामा करतात आणि वरून इंजिनमध्ये दुप्पट तेल ओततात. मग इंजिनही जातं आणि गिअरबॉक्सही. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते चिखलासकट त्या खाचेत घट्ट बसतं आणि गंज धरतो. खाच तारेच्या ब्रशने आणि टोच्याने तळापर्यंत साफ करायची, रॅचेट पूर्ण आत गेलीय ना हे बोटाने चाचपायचं, मगच जोर द्यायचा. अर्धवट बसलेल्या रॅचेटने खाचेचे कोपरे गोल झाले की तो बोल्ट छिन्नीनेच निघतो.

बोल्ट सैल झाला की तेल सरळ खाली पडत नाही. आडवी धार हातभर लांब उडते आणि जसजसं कमी होतं तसतशी मागे सरकते. म्हणून पसरट भांडं आधी लांब ठेवायचं आणि नंतर आत ओढायचं. खाली पुठ्ठा, हातात रबरी मोजे. थेंब थांबेपर्यंत घाई करायची नाही.

तेवढ्या वेळात बोल्ट बघायचा. त्याच्या टोकाला चुंबक आहे आणि त्यावर काजळासारखा काळा मऊ थर जमलेला असतो. तो बोटांत चोळला आणि गुळगुळीत लागला तर सगळं ठीक, ती क्लचची आणि दातांची रोजची झीज आहे. चकाकणारे कण किंवा नखाला लागणारे तुकडे दिसले तर आत काहीतरी तुटतंय, तिथे तेल बदलून उपयोग नाही. तेलाचाही वास घ्यायचा. तपकिरी चालेल, पण करपल्याचा वास आला तर क्लच जळालेत. माझ्या गाडीत यातलं काहीही नाही, हे दादालाही सांगा.

चुंबक पुसून, नवा वायसर घालून बोल्ट आधी हातानेच फिरवायचा. गिअरबॉक्सचं हाऊसिंग ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादाचा, त्यामुळे आटे गेले तर ते हाऊसिंगचे जातात. शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर दिला ते दाखवणाऱ्या पान्याने, ४९ न्यूटन-मीटर, इथल्या मापात ३६ फूट-पाउंड. त्यापुढे ‘अजून एक पिळा’ द्यायचा नाही.

आता मोजमाप, आणि माझ्या मते सगळं काम यातच आहे. निघालेलं तेल गार होऊ द्यायचं आणि खुणा असलेल्या भांड्यात मोजायचं. जेवढं निघालं तेवढंच नवं, डिपस्टिकच्या भोकातून, लांब मानेच्या नरसाळ्याने हळूहळू ओतायचं. पुस्तकात लिहिलंय म्हणून अडीच लिटर ओतू नये, कारण उतार किंवा उरलेले थेंब यामुळे थोडा फरक पडतोच. मग गाडी खाली सपाट जमिनीवर, इंजिन चालू, पाय ब्रेकवर, आणि पी, आर, एन, डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) अशा प्रत्येक ठिकाणी दांडा तीन-चार सेकंद थांबवायचा. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होईपर्यंत इंजिन तापू द्यायचं. इंजिन बंद केल्यावर ६० सेकंद थांबून, पण ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक पाहायची. आधी पाहिलं तर कमी दिसतं, उशिरा पाहिलं तर आतलं तेल खाली उतरून जास्त दिसतं. डिपस्टिक पुसायला तंतू न सोडणारं कापड घ्यायचं, सुती चिंधी नको. एक धागा आत गेला तर तो व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त झालं तर गिअर तेल घुसळतात, फेस होतो, दाब पडतो आणि गाडी तापते. कमी पडलं तर पंप हवा ओढतो आणि डी टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करत उभी राहते.

आता इथली एक रीत, जी तुम्हाला खोटी वाटेल. निघालेलं जुनं तेल लोक जपून परत नेऊन देतात. नव्या तेलाच्या रिकाम्या बाटल्यांत तेच काळं तेल भरायचं, झाकणं घट्ट लावायची, बाटल्या खोक्यात उभ्या ठेवायच्या आणि स्पेअर पार्टच्या दुकानात जायचं. ऑटोझोन, ओरायली अशा मोठ्या दुकानांत मागच्या बाजूला टाकी असते. तुम्ही तेल कुठून घेतलं हे कुणी विचारत नाही. कुठे वहीत नाव लिहून घेतात, कुठे नुसतं बोट दाखवतात. तेल टाकीत जातं, रिकाम्या बाटल्या घरी. पैसे ते मागत नाहीत आणि देतही नाहीत. आपल्याकडे जळकं ऑइल सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला लगेच कुणीतरी मागून नेतं; इथे ते जमिनीवर किंवा गटारात ओतणं गुन्हा आहे आणि शेजारी सुद्धा खपवून घेत नाहीत. अट एकच: त्यात पाणी, कूलंट, पेट्रोल मिसळलेलं नको, नाहीतर अख्खी टाकी वाया जाते म्हणून ते घेत नाहीत. बाहेर गाळून-शुद्ध करून त्याचं पुन्हा तेल करतात किंवा भट्टीत जाळतात. बूट-कोट घातलेली माणसं हातात जळक्या तेलाच्या बाटल्या घेऊन रांगेत उभी असतात. आबा, तुम्ही इथे याल तेव्हा तुम्हाला दाखवायला नक्की नेणार आहे.

दादाला एक निरोप द्या. हे वाचून त्याने आपल्या होंडा सिटी गाडीत डीडब्ल्यू-१ घालायला सांगू नये. त्याची गाडी सीव्हीटी आहे; तिच्यात पट्टा आणि पुली असतात आणि तिला एचसीएफ-२ तेल लागतं. दुसरं घातलं तर पट्टा घसरतो. सदाभाऊंची एएमटी तर आतून साधाच गिअरबॉक्स आहे, फक्त क्लच आणि गिअरचा दांडा मशीन हलवतं, त्यामुळे तिला गिअर ऑइलच. ‘ऑटोमॅटिकचं तेल’ एवढंच म्हणून दुकानातून काहीही आणू नका.

दुकानात याच कामाचे दीडशे-दोनशे डॉलर मागतात, घरी चाळीसच्या आसपास होतं. आई, मी कंजूषपणा करत नाहीये आणि पोटाला चिमटाही घेत नाहीये. ही गाडी आणखी तीन-चार वर्षं नीट चालली तर नवीचा हप्ता डोक्यावर येत नाही, आणि तो पैसा घराकडे वळतो. सोनूच्या लग्नासाठी दोन लाख या महिन्याच्या शेवटी आबांच्या खात्यात येतील. हॉलचा ॲडव्हान्स त्यातून द्या, सोसायटीच्या कर्जाला हात लावू नका. केटररने ताटामागे भाव वाढवला असेल तर मला सांगा, मनात ठेवू नका.

तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरलाय तो धरा. माझ्यासाठी पुढे ढकलू नका. मी प्रयत्न करतेय, पण व्हिसाच्या शिक्क्याची तारीख मुंबईत मिळाल्याशिवाय इथून निघता येत नाही, आणि तिकडे अडकले तर नोकरीचं अवघड होईल. सोनूला मी स्वतः सांगितलंय. ती ‘ठीक आहे ताई’ म्हणाली, पण ती कशी म्हणाली ते मला कळतं. हळदीला माझ्या वाट्याचं जे असेल ते काकूंनी करावं, मी फोनवर असेन, इथे रात्र असली तरी.

सांगलीच्या स्थळाचं: फोटो पाहिला, पत्रिका नको, आधी बोलू द्या. मी नाही म्हटलेलं नाही, एवढंच त्यांना कळवा. मुलाला नोकरी सोडून इकडे यायची तयारी आहे का आणि नसेल तर मला परत यायला किती वेळ देतील, हे दोन प्रश्न मी स्वतः विचारीन, आत्याबाईंनी मध्ये पडू नये. रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला बोलायचं म्हणून माझा नंबर त्यांना देऊन ठेवा.

आबांच्या गुडघ्याच्या डॉक्टरची तारीख चुकवू नका. पैसे पोचले की मेसेज करा.

तुमची,
मनू