सेलवरचा आकडा आणि खरी क्षमता

महोदय,

टॉर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या १८६५० आकाराच्या, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या लिथियम-आयन सेलवर सर्रास ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते याचे माप) असा आकडा छापलेला दिसतो. ही ग्राहकांची उघड फसवणूक आहे. एवढ्या आकारात नामांकित उत्पादकांनाही साधारण ३५०० एमएएचच्या फार पुढे जाता आलेले नाही. चांगला सेल सहसा ४५ ते ५० ग्रॅम भरतो. हातात घेताच पोकळ वाटणारा सेल, वर काहीही लिहिलेले असो, घेऊच नये.

क्षमतेबाबत खोटे बोलणारा उत्पादक सुरक्षेबाबत प्रामाणिक असेल, यावर माझा तरी विश्वास नाही. म्हणून अतिचार्जिंग आणि शॉर्टसर्किट रोखणारे संरक्षक सर्किट असलेलाच सेल मागून घ्यावा (त्याची लांबी किंचित जास्त असते, तेव्हा तो टॉर्चमध्ये बसतो का हेही पाहावे). सेलचे प्लास्टिकचे आवरण फाटले असेल तर तो वापरू नये, कारण आतला जवळजवळ संपूर्ण धातूचा डबा ऋण टोकच असतो आणि धन टोकाजवळची लहानशी चीरही शॉर्टसर्किटला पुरते. खरी क्षमता आणि उत्पादकाचे नाव छापल्याशिवाय असे सेल विकता येऊ नयेत, अशी सक्ती व्हायला हवी.

– एक वाचक