स्टेशनसमोरचा टांगा

सोलापूर,
१२ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेटवेजवळ बॅटरीवर धावणाऱ्या व्हिक्टोरिया बग्गीतून नातवंडांना फिरवून आणल्याचे तू लिहिलेस आणि ‘आपल्याकडचे टांगे नेमके कधी बंद झाले?’ असे सहज विचारलेस. मला उत्तर देता आले नाही, आणि हीच गोष्ट चार दिवस मनाला लागून राहिली आहे.

मुंबईत निदान निकाल तरी लागला. तिथे १८७४ साली सुरू झालेल्या ट्राम घोडेच ओढत. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, तरी घोड्यांच्या व्हिक्टोरिया टिकल्या. पुढे २०१५ साली प्राणिप्रेमींच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने त्या बेकायदेशीर ठरवल्या, वर्षभराची मुदत दिली आणि चालकांच्या पुनर्वसनाची योजना करण्यास शासनाला सांगितले. आपल्या सोलापुरात ना दावा झाला, ना निकाल लागला. स्टेशनसमोरच्या रांगेत एक टांगा कमी झाला, मग दुसरा, आणि आपण रिक्षाला हात करून निघून गेलो.

आपले टांगेवाले चाचा आठवतात ना? गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत होम मैदानाकडे दिवसभर खेपा करून आले, तरी स्वतः चहा घेण्याआधी ते घोड्याच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधत आणि मग अंगावर खरारा फिरवीत. रिक्षा उभी असली की पेट्रोल पीत नाही, पण घोड्याला धंदा नसलेल्या दिवशीही चंदी, म्हणजे दाणा, आणि घास लागतोच, हे गणित त्यांनीच मला समजावले होते. मला वाटते, टांगा मोडला तो रिक्षाच्या वेगापेक्षा या रिकाम्या दिवसांमुळे. धंदा बसू लागला तसा नाल ठोकणारा नालबंद दिसेनासा झाला, चाकांवर लोखंडी धाव चढवणारा कारागीर दुसऱ्या कामाला लागला, आणि ज्याला टांगा चालवायचाच होता त्यालाही तो चालवणे अवघड झाले.

टांगे परत यावेत, असे मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या पावसात ओल्या डांबरावर नाल घसरून चाचांचा घोडा नव्या पेठेत कोसळला, तेव्हा मी मागच्या बैठकीवर होतो. त्याचे फुटलेले गुडघे आणि त्याची मान मांडीवर घेऊन रस्त्यातच बसलेले चाचा मला अजून दिसतात. घोड्याची त्या रस्त्यातून सुटका झाली हे योग्यच झाले. पण आयुष्यभर त्याला सांभाळणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले, हे आपण दोघांनीही कधी विचारले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

तुझ्या वडिलांच्या अल्बममध्ये आपण दोघे टांग्यात बसलेला एक फोटो होता. तो सापडला तर पाठव. लगाम धरलेले चाचा त्यात आले आहेत का, एवढेच मला पाहायचे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बालमित्र