अल्बेरूनी हेर नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या पेठेत एका मंडळानं गेल्या महिन्यात मुलांसाठी प्रश्नमंजुषा ठेवली होती, कार्यक्रम चांगलाच झाला, गर्दीही होती. त्यात प्रश्न आला की महमूद गझनीच्या काळात भारतावर पुस्तक कुणी लिहिलं. माझ्या पुतण्यानं पटकन अल्बेरूनी सांगितलं, उत्तर बरोबर, मार्कही दिले, पण माईकवरच्या माणसानं वर जोडलं की "तो महमूदाचा हेर होता, पुढचा प्रश्न". टाळ्या पडल्या आणि विषय संपला. पोरगं घरी येऊन विचारायला लागलं, काका खरंच हेर होता काय ओ तो? त्या रात्री मला झोप लागली नाही म्हणून हे पत्र.

अल्बेरूनी 973 साली ख्वारिझममध्ये जन्मला, ते आता उझबेकिस्तानात येतं. 1017 ला महमूदानं ख्वारिझम जिंकलं आणि तिथल्या विद्वानांना गझनीला नेलं त्यात हा पण गेला, म्हणजे स्वतःच्या हौसेनं महमूदाच्या पदरी गेलेला नाही, नेलेला माणूस आहे. वय तेव्हा 44. त्या वयात आपण नवीन मोबाईल घेतला तरी पोरांना विचारतो, ह्या माणसानं संस्कृत शिकायला घेतलं. त्यानं लिहून ठेवलंय की ही भाषा अवघड, एकाच वस्तूला ढीगभर नावं, उच्चार आमच्या जिभेला जमत नाहीत, पोथ्यांच्या नकला उतरवणारे निष्काळजी. तरी पैसा खर्चून पोथ्या मिळवल्या, लांबलांबून पंडित बोलावले, पतंजलीचं योगशास्त्र अरबीत नेलं. 1030 च्या सुमारास 80 प्रकरणांचं पुस्तक पूर्ण केलं. त्यात रस्त्यांची अंतरं सांगताना मराठा देश येतो, कोकण येतं आणि कोकणची राजधानी म्हणून ठाणंही येतं. हजार वर्षांपूर्वी गझनीत बसून कुणीतरी आपलं नाव लिहीत होतं हे वाचून माझ्या अंगावर काटाच आला.

आणि हेर म्हणता तर हे पण ऐका. त्याच पुस्तकात त्यानं सरळ लिहिलंय की महमूदाच्या स्वाऱ्यांनी ह्या देशाची भरभराट धुळीला मिळवली, इथली माणसं धुळीच्या कणांसारखी चारी दिशांना उधळली गेली, आणि म्हणूनच इथली विद्या काश्मीर, बनारस असल्या लांबच्या ठिकाणी निघून गेली. हे लिहिणारा बसला होता कुठं, तर महमूदाच्याच राजधानीत. हेर असं लिहितो का?

आपल्याबद्दल त्यानं कडू पण लिहिलंय, ते लपवायचं कारण नाही. ह्या लोकांना वाटतं आमच्यासारखा देश नाही, आमच्यासारखे राजे नाहीत, आमच्यासारखी विद्या नाही. पण लगेच पुढं म्हणतो की ह्यांचे पूर्वज असे कोत्या मनाचे नव्हते, आणि दाखला देतो वराहमिहिराचा, की ग्रीक लोक अशुद्ध असले तरी शास्त्रात पारंगत आहेत म्हणून त्यांना मान द्यायला पाहिजे. म्हणजे आपल्याला आपल्याच माणसाचं वाक्य काढून दाखवलं त्यानं. मला तर हे वैऱ्याचं वाटत नाही, वर्गातल्या कडक मास्तरांचं वाटतं.

मग रविवारी पुतण्याला घेऊन पन्हाळ्याला गेलो. आता पाकिस्तानात असलेल्या झेलमकडच्या नंदना किल्ल्याजवळ अल्बेरूनीनं पृथ्वी मोजली होती, ती कशी ते त्याला दाखवायचं होतं. आधी खालच्या सपाटीवरून दोन ठिकाणांहून कोन घेऊन डोंगराची उंची काढली, ती आली 652 हात आणि वर थोडं, मग माथ्यावर चढून क्षितिज आपल्या नजरेच्या आडव्या रेषेपेक्षा किती खाली दिसतं तेवढा एकच कोन घेतला. तो आला 34 कला, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. त्यावरून पृथ्वीची त्रिज्या, आजच्या आकड्याच्या अगदी जवळ. आम्ही कंपासपेटीतला कोनमापक घेतला, दोऱ्याला खडा बांधला आणि सज्जा कोठीपाशी उभारलो. जोतिबाचा डोंगर समोर, सपाट क्षितिज मिळेना ते एक, पण खरी गंमत वेगळीच, 34 कला म्हणजे अर्ध्या अंशाच्या जरासं वर, पौर्णिमेच्या चंद्राची थाळी जेवढी दिसते जवळपास तेवढंच, आणि आमच्या कोनमापकावर तेवढी जागा दोऱ्याच्या जाडीखालीच झाकून गेली. पोरगं बराच वेळ दोऱ्याकडं बघत बसलं, मग म्हणालं, काका त्याचं यंत्र केवढं असंल ओ?

आमच्या ह्याच कोल्हापुरात दसरा चौकात शाहू महाराजांच्या काळचं मुस्लिम बोर्डिंग आहे, पोरांनी शिकावं म्हणून 1906 ला मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. त्या गावात एका विद्वानाला माईकवरून हेर म्हणून मोकळं होणं मला सहन होत नाही. मंडळाची पोरं कष्टाळू आहेत, मी त्यांना भेटून बोललोय, पुढच्या कार्यक्रमात दुरुस्ती सांगतो म्हणालेत. आपल्याला विनंती एवढीच की रविवारच्या मुलांच्या पानावर नंदनाच्या मोजणीची आकृती काढून छापा, अंक आला की मी ती कापून पुतण्याच्या वर्गात लावायला देणार आहे.

आपला नियमित वाचक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर