सुहासला पत्र : सैतानाच्या पुलाबद्दल

प्रिय सुहास,

फ्रान्समधला तो जुना पूल कसा काय उभा आहे ते नीट लिही म्हणालास ना, मग घे, हे फोनवर सांगण्यासारखं नाहीच, आणि तू दिवसभर पुलांच्या साईटवर असतोस म्हणून तुला जरा जास्तच लिहितोय.

जागा आधी डोळ्यासमोर आण. मॉंपेलिएपासून तासाभराच्या अंतरावर एरो नावाची नदी डोंगरातल्या अरुंद घळीतून बाहेर पडते आणि एकदम सपाटीला लागते, बरोबर त्या तोंडावर हा पूल आहे. डाव्या काठाला आन्यान गाव, उजव्या काठाला सँ-जाँ-द-फॉस, आणि घळीत थोडं आत गेलं की सँ-गिलेम. सगळीकडे द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडं, चुनखडीचे पांढरे डोंगर. पुलाला सगळे सैतानाचा पूल म्हणतात. फ्रान्समध्ये या नावाचे पूल बरेच आहेत, पण हा त्यातल्या फार जुन्यांपैकी, 1030 च्या आसपास बांधलेला, म्हणजे हजार वर्षं झालीच म्हण.

आणि मला यात सगळ्यात जास्त काय आवडलं माहितीये, हा पूल कुठल्या राजाने नाही बांधला. दोन मठांनी बांधला, आणि ते दोन मठ एकमेकांचे कट्टर भांडखोर होते! आन्यानचा मठ आठव्या शतकाच्या शेवटी बेनेडिक्ट नावाच्या साधूने काढला. आत घळीतला, सँ-गिलेम गावातला जेलॉनचा मठ 804 मध्ये गिलेमने काढला, हा शार्लमेन बादशहाचा नातलग आणि मोठा सेनापती, बार्सिलोना घेताना लढलेला, नंतर सगळं सोडून स्वतःच्याच मठात साधू झाला आणि 812 मध्ये तिथेच वारला. पुढे आन्यानवाले म्हणायला लागले की जेलॉन आमच्या हाताखालचा मठ, जेलॉनवाले म्हणाले अजिबात नाही, आम्ही स्वतंत्र. हे भांडण पिढ्यानपिढ्या चाललं, दोन्हीकडून खोट्या जुन्या सनदा तयार करण्यापर्यंत मजल गेली. आणि असल्या लोकांनी एकत्र बसून करार केला की नदीवर पूल बांधायचा, मिळून बांधायचा!

त्या करारातल्या अटी ऐक. पुलावर कुणी किल्ला बांधायचा नाही. चर्च बांधायचं नाही. आणि टोल घ्यायचा नाही, कुणाकडूनच नाही. त्या काळी पूल म्हणजे कमाईचं हुकमी साधन, ज्याच्या हातात पूल त्याच्या हातात रस्ता, आणि किल्ला बांधला की पलीकडच्याची मान आपल्या हातात. या दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता म्हणूनच अटी इतक्या स्पष्ट लिहिल्या असणार असं मला वाटतं, पण त्याचा फायदा कुणाला झाला तर पायी जाणाऱ्या माणसाला, कारण पूल दोघांपैकी कुणा एकाचा झालाच नाही. मला तर दगडकामापेक्षा हे कागदावरचं काम मोठं वाटतं यार.

गरजही दोघांना होती म्हणा. जेलॉनमध्ये येशूच्या क्रुसाचा एक तुकडा आहे, शार्लमेनने गिलेमला दिलेला अशी श्रद्धा, त्याच्या दर्शनाला लोक यायचे, आणि आर्लहून तुलूजमार्गे स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची वाटही इथूनच जाते. आन्यानकडून आलं की मधे नदी आडवी. आणि ही नदी साधी नाही बरं का. उन्हाळ्यात हिरवंगार शांत पाणी, पोरं डुंबत असतात, पण वरती सेवेनचे डोंगर आहेत, सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये समुद्रावरचे दमट गरम ढग त्या डोंगरांना येऊन थडकतात आणि काही तासांत धो धो ओततात, मग नदी बघता बघता चढते आणि घळीत पाण्याला पसरायला जागाच नसते.

आता तुझ्या कामाचं. पूल मधल्या दोन मोठ्या अर्धगोल कमानींवर आहे. दगड जवळून बघितले तर फार मोठे नाहीत, छोटे छोटे घडवलेले चुनखडीचे दगड, ओळीने लावलेले, चुन्यात बसवलेले. कमानींच्या खांद्यावर, जिथे भरीव भिंत असायला हवी तिथे, आरपार छोट्या कमानी ठेवल्यात, पूर वर चढला की पाणी त्यातून निघून जातं आणि भिंतीवरचा दाब कमी होतो, शिवाय वजनही वाचतं. आणि पाया थेट कातळावर. काठाला उभं राहिलं की दिसतं, खडक आणि बांधकाम एकमेकांत मिसळून गेलेत. कमान बाहेरच्या बाजूला रेटा देते तो रेटा घ्यायला दोन्हीकडे डोंगरच उभा आहे. तू म्हणतोस ना नेहमी की अर्धा पूल जागा निवडतानाच बांधून होतो, अगदी तेच.

उलट फ्रान्समधल्याच आव्हिन्यॉं शहराचा पूल बघ, जगभर नाव, मूळचा बाराव्या शतकातला, 22 कमानींचा, पण रोन नदीच्या रुंद पात्रात, पुरात सारखा ढासळायचा, सारखा दुरुस्त करायचे, शेवटी सतराव्या शतकात नाद सोडला, आता चारच कमानी उरल्यात.

गावातली गोष्टही सांगतो. म्हणे दिवसा जेवढं बांधायचे तेवढं रात्री सैतान येऊन पाडायचा. शेवटी गिलेमने त्याच्याशी सौदा केला, तूच बांधून दे, पुलावरून पहिला जो जीव जाईल तो तुझा. पूल झाला, आणि गिलेमने कुत्र्याच्या शेपटीला भांडं बांधून त्याला पुलावरून पळवलं (काही जण मांजर म्हणतात). सैतान भडकला, पूल पाडायला गेला, पडेना, मग स्वतःच खालच्या डोहात उडी मारली. म्हणून पहिल्यांदा येणारे यात्रेकरू पुलावरून डोहात दगड टाकायचे, तो वर येऊ नये म्हणून. आता गिलेम पूल व्हायच्या दोनशे वर्षं आधीच वारलेला, पण लोकांना एवढा पक्का पूल साध्या गवंड्यांनी बांधला हे पटलंच नसेल, आणि याचंच मला वाईट वाटतं, कारण करार करणाऱ्या मठाधिपतींची नावं टिकली, संत झालेल्या गिलेमचं टिकलं, सैतानाचंही टिकलं, लाकडी सेंटरिंगवर उभं राहून एकेक दगड बसवणाऱ्यांचं एकही नाही.

पुढची हकिकत थोडक्यात. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर दोन्ही मठ बंद पडले. जेलॉनच्या मठातले कोरीव खांब विकत विकत शेवटी न्यूयॉर्कला पोचले, तिथल्या क्लॉइस्टर्स म्युझियममध्ये आहेत. पूल मात्र कुणी हलवला नाही, रोज वापरात होता ना. 1998 मध्ये सांतियागोच्या यात्रामार्गांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेला. आता गाड्या शेजारच्या नव्या पुलावरून जातात, जुन्यावर फक्त पायी. वरून पाण्यात उडी मारायला बंदी आहे.

तू येशील तेव्हा जुलै ऑगस्ट टाळ, तेव्हा प्रचंड गर्दी, मे किंवा जून बघ. सँ-जाँ-द-फॉस कुंभारांचं गाव आहे, हिरव्या चकाकीची कौलं आणि भांडी करतात, वहिनींना आवडेल. आणि येताना टेप आण, कमानींची मापं आपण दोघं मिळून घेऊ, मला कधीपासून त्यांचा कच्चा नकाशा काढायचाय.

आईंना नमस्कार सांग, पोरांना पापा. लवकर लिही.

तुझा,
मंदार