फोनवर न सांगितलेलं

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन लागला तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये चार टक्के चार्ज उरला होता. "सगळे बरे आहोत, काळजी करू नकोस" एवढं बोलून मी ठेवला. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. आता लाइट आली आहे, फोनही भरलाय, तरी पत्रच लिहितोय. फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच ओरडशील आणि माझं सांगणं अर्धं राहील. कागदावर ओरडता येत नाही.

आधी तुझं श्रेय तुला देतो. वादळाच्या आदल्या रात्री तू म्हणालास, "बाबा, गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून ठेवा." मी कुरकुरलो, पण भरली. लाइट गेली की पंप बंद, म्हणून पाण्यासाठी सांगतोयस असं मला वाटलं होतं. सकाळी नऊच्या सुमारास समोरच्या गच्चीवरची रिकामी टाकी उचलली गेली, कठड्यावर आपटली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन पडली. आपली हजार लिटरची, म्हणजे भरल्यावर एक टन वजन. जागची हलली नाही.

लाइट सव्वाआठला गेली. एकदम नाही. आधी बल्ब पिवळट झाला, मग दोनदा लुकलुकला, मग गेला. तुझ्या आईने लगेच टीव्ही, फ्रिज, राउटर सगळ्यांच्या पिना काढल्या आणि बोर्डावरचे एमसीबीचे खटके एकेक करून पाडले. फक्त माजघरातल्या दिव्याचा वर ठेवला. लाइट परत आल्याचं कळायला तेवढा पुरे, म्हणाली. मला हे सुचलं नसतं, हेही लिहून ठेवतो.

आवाजाबद्दल काय सांगू! कुणीतरी जाड कापड धरून ते न थांबता फाडत बसलंय, असा. दर पाच-दहा मिनिटांनी तो एक पट्टी वर चढायचा आणि आपल्याला वाटायचं, झालं, याच्या पुढे काय जाणार. तरी जायचा.

धाकटीने मात्र त्याचं शास्त्र केलं होतं. शाळेसाठी तिने बोफर्टच्या मोजपट्टीचा तक्ता काढला होता, तो दाराला चिकटवला. फ्रान्सिस बोफर्ट हा इंग्रजांच्या आरमारातला अधिकारी. त्याने 1805 साली वाऱ्याला शून्य ते बारा अशी श्रेणी दिली, तीही यंत्राशिवाय, जहाजाला किती शीड पेलवतं यावरून. जमिनीवरच्या खुणा पुढे इतरांनी जोडल्या. त्या खुणा बघत ही बाई खिडकीच्या फटीतून घोषणा करत होती. डहाळ्या मोडून उडू लागल्या तेव्हा "आठ!", म्हणजे ताशी 62 ते 74 किलोमीटर. कौलं सुटायला लागली तेव्हा "नऊ!" आजी तिला म्हणाली, "अगं, लिलाव चाललाय का?" मग कोपऱ्यावरचं मोठं झाड मुळासकट आडवं झालं. दहाची खूण तीच. पण ती ओरडली नाही. दोन्ही हातांची बोटं नुसती उघडून माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर तिला आम्ही खिडकीपासून उठवून आतल्या खोलीत आणलं. आधीच आणायला हवं होतं.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येतो.

लहानपणापासून मी ऐकत आलोय की वादळात समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे दाब सारखा होतो आणि छप्पर उडत नाही. आई म्हणाली, सगळं बंदच ठेवा. मी म्हणालो, मला माहीत आहे. आणि जाऊन वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीची कडी काढली. पुढचं सेकंदाच्या आत झालं. झडप माझ्या हातातून सुटली, आतलं दार धाडकन आपटलं, तुझ्या खोलीच्या खिडकीची काच फुटली आणि वर पत्रा असा काही कण्हला की आजीने डोक्यावर हात धरले. ती झडप परत लावायला आम्ही तिघं लागलो. आई, मी आणि धाकटी. माझ्या तळहाताला चार टाके आहेत. घाबरू नकोस, डावा हात आहे.

संध्याकाळी त्यावर विचार केला तेव्हा माझी चूक मला साधी दिसली. वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. त्यात खिडकी उघडली की वारा घरात शिरून त्याच पत्र्याला खालून ढकलतो. म्हणजे ओढणारा आणि ढकलणारा दोघेही एकाच बाजूचे, आणि मी त्यांना दार उघडून दिलं. वर वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. दाब सारखा व्हायला घराला फटी काय कमी असतात! चाळीस वर्षं एक गोष्ट ऐकली आणि एकदाही विचारलं नाही की का.

दुपारी वारा पडला. म्हणजे मला तसं वाटलं. आजीचं इन्शुलिन फ्रिजमध्ये आहे हे तेव्हा आठवलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो, तेही दार उघडलं नाही तर. तो वेळ उलटून गेला होता. मी बर्फ शोधायला निघालो तर आजी पलंगावरून म्हणाली, "अरे, चालू बाटली बाहेर राहिली तरी चालते. कागदावर लिहिलंय, वाच." खरंच होतं. वापरात असलेली बाटली 30 अंशांच्या आत साधारण 28 दिवस टिकते. न उघडलेल्या दोन होत्या, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायच्या नाहीत असं ठरवलंय. पण त्या वेळी मी कागद वाचून थांबलो नाही. म्हटलं, निघालोच आहे तर समोरच्या दुकानात बर्फ आहे का बघून येतो.

फाटकाबाहेर तार पडली होती. खांब तिरका झाला होता आणि एक तार ओल्या रस्त्यावर वेटोळं करून होती. माझ्या डोक्यात एकच हिशेब: सकाळपासून लाइट नाहीच, तर तारेत काय असणार? हातातल्या छत्रीने बाजूला सारावी असं मनात होतं. छत्रीचा दांडा लोखंडी आहे हे तुला सांगायला नको. तीन पावलं गेलो असेन, मागून आईची अशी हाक आली, "अहो!" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा आवाज मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

ती फाटकातच उभी होती. धावत आली नाही, हे मला नंतर जाणवलं. तिथूनच म्हणाली, "शेजारी जनरेटर चालू आहे. ऐकू येतंय का?" येत होतं. घराची मेन पाडल्याशिवाय कुणी जनरेटर घरच्या वायरिंगला जोडला, तर त्याचा करंट उलटा बाहेरच्या तारेत जातो. आणि ते सोडलं तरी, लाइन ट्रिप झाली की काही ठिकाणी काही सेकंदांत आपोआप पुन्हा चालू होऊन बघते, किंवा दुरुस्तीवाले तिकडून एकदा देऊन बघतात. म्हणजे मेलेली दिसणारी तार कधीही जिवंत होऊ शकते. ओल्या जमिनीत तर तिच्याभोवती करंट पसरतो, आणि लांब टांग टाकली की एका पायाखाली विजेचा एक दाब, दुसऱ्याखाली वेगळा. मग तो पायांतून वाट काढतो. म्हणून पाय न उचलता, दोन्ही जवळजवळ ठेवून, घासत घासत मागे यायचं असतं. मी तसाच आलो. रस्त्यावर त्या वेळी कुणी पाहिलं असेल तर त्याला वाटलं असेल, या गृहस्थांना म्हातारपण फारच लवकर आलं.

मग आईने दोन्ही टोकांना खुर्च्या आडव्या टाकून वर लाल कापड बांधायला लावलं, तेही तारेपासून चांगलं दूर राहून. वायरमनच्या नंबरवर फोन लागत नव्हता, टॉवरचीही बॅटरी उतरलेली असावी. मेसेज मात्र तासाभराने गेला. कॉल जात नाही तेव्हा मेसेज जातो, हे तू मला मागे सांगितलं होतंस.

रात्री धाकटीने टॉर्चवर पाण्याची बाटली उलटी ठेवली तर सगळी खोली मंद उजळली. मेणबत्ती लावू दिली नाही कुणी. पडदे उडत होते. त्या उजेडात आजीने तिच्या लहानपणीच्या वादळाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली. या वेळी त्यात म्हैसही उडाली. मागच्या वेळी नव्हती.

लाइट आली आज पहाटे तीनला, जवळजवळ 43 तासांनी. माजघरातला दिवा लागला, अर्धा झाला, मग एकदम प्रखर. पंधरा मिनिटं आईने कुणाला एमसीबीला हात लावू दिला नाही. विजेच्या कमी दाबात फ्रिजचा कॉम्प्रेसर जळतो. मी आज्ञेत होतो.

तुझ्या खिडकीच्या काचेचं माप घेऊन ठेवलंय. तोपर्यंत पुठ्ठा लावलाय, खोलीत अंधार आहे. तुझी पुस्तकं आजीच्या पलंगाखाली हलवली, दोन भिजली. कोणती ते आल्यावर बघ, आत्ता सांगत नाही. तू आईला वेगळा फोन करशीलच, तेव्हा हे पत्र आलंय असं एकदम सांगू नकोस. पाकीट बंद करण्याआधी ती वाचणार आहेच म्हणा.

तुझा,
बाबा

ता. क.
वाचलं. तीन पावलं लिहिली आहेत. मी फाटकातून मोजत होते. सात होती.
— आई