बिट आणि बाइट यांची गल्लत टाळावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला इंटरनेटच्या डायल-अप (टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडणी) ते फायबर या प्रवासावरचा लेख आवडला, पण त्याखालच्या तक्त्यापाशी अडखळलो. डायल-अपचा वेग '५६ केबी' आणि फायबरचा '१०० एमबी' असे छापले आहे. त्यावरून ५ एमबीचे गाणे पूर्वी दीड मिनिटात उतरत असे आणि १०० एमबीची फाइल आता एका सेकंदात उतरते, असा हिशेब मांडला आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत. मोडेमची किरकिर ऐकत ज्यांनी एकेका गाण्यासाठी ताटकळत वेळ काढला आहे, त्यांना ते दीड मिनिट वाचताक्षणी खटकले असेल.

वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइल बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. मोडेमवरचे ५६ म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट, अर्थात फक्त ७ किलोबाइट. ५ मेगाबाइटचे गाणे म्हणजे ४ कोटी बिट. त्याला ५६ हजारांनी भागले की ७१४ सेकंद येतात, म्हणजे जवळजवळ बारा मिनिटे. तीही मोडेम पूर्ण वेगाने जोडला गेला तर, आणि तसा तो क्वचितच जोडला जाई. तिकडे १०० मेगाबिटच्या फायबरवर १०० मेगाबाइटच्या फाइलला एक नव्हे, निदान आठ सेकंद लागतात.

ही चूक आपल्या संपादन विभागाच्या नजरेतून का सुटली असावी, याचा मी विचार केला. तक्त्यात दोन्हीकडे बिटच्या जागी बाइट धरले आहेत, त्यामुळे 'सुमारे १८०० पट' हे गुणोत्तर मात्र बरोबर निघाले. गुणोत्तर जुळले की माणूस पुढे तपासत नाही. दुसरे कारण आपल्या लिपीत आहे. रोमन लिपीत लहान 'बी' म्हणजे बिट आणि मोठा 'बी' म्हणजे बाइट, असा संकेत आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून 'एमबी' लिहिले की आठ पटींचा फरक त्या दोन अक्षरांत गडप होतो. मराठी वाचकाला तो ओळखण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की 'एमबीपीएस' छापूच नये. 'सेकंदाला १०० मेगाबिट' असे पूर्ण लिहावे आणि फाइलसाठी 'मेगाबाइट'. तीन-चार अक्षरे जास्त लागतील, तेवढी जागा द्यावी.

हिशेब पडताळायला एक सोपे उदाहरण देतो. ७०० मेगाबाइटची फाइल म्हणजे ५६० कोटी बिट. ५६ किलोबिटच्या मोडेमवर तिला बरोबर १ लाख सेकंद लागतात, म्हणजे पावणेअठ्ठावीस तासांहून थोडे जास्त. १०० मेगाबिटच्या फायबरवर तेच काम ५६ सेकंदांचे. मुलांकडून हे गणित एकदा कागदावर करून घ्यावे.

प्रत्यक्षात थोडा वेळ जास्तच लागतो, कारण माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत, म्हणजे पॅकेटसोबत, पत्ता आणि इतर माहितीही जाते. घाईत असलेल्या वार्ताहराने बिटचे बाइट करताना वेगाला आठऐवजी दहाने भागावे. मोडेमच्या काळात प्रत्येक बाइटला सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक असे दोन बिट जोडले जात, म्हणून तेव्हाही अनेक जण दहानेच भागत. आणखी एक सूचना: वेगातला 'किलो' म्हणजे १०००. १०२४ हा संगणकाच्या मेमरीचा हिशेब आहे. दोन्ही मिसळले तर मेगापर्यंत जाता जाता जवळजवळ पाच टक्क्यांचा फरक पडतो.

लेखात बॉड आणि बिट हे एकच मानले आहेत, तेही दुरुस्त व्हावे. तारेवरचा संकेत सेकंदाला किती वेळा बदलतो ते बॉड, आणि एका बदलात अनेक बिट बसू शकतात. २४०० बिटचा मोडेम ६०० बॉडवरच चाले.

मी अनेक वर्षे टेलिफोन केंद्रात तांत्रिक काम केले, त्यामुळे ५६ या आकड्याबद्दल मला विशेष आपुलकी आहे. डिजिटल टेलिफोनवर आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांचा असतो, म्हणून एका वाहिनीचा वेग ६४ किलोबिट. त्यातले नमुन्यामागे ७ बिटच भरवशाचे धरले की ५६ उरतात. फायबरवरच्या जुन्या प्रमाणित मापांतही हाच ८००० चा ठोका आहे. त्यातले पायाभूत माप एसटीएम-१, त्याचा वेग १५५.५२ मेगाबिट, म्हणजे ६४ किलोबिटच्या नेमक्या २४३० पट. घरोघरी पोचलेल्या जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत) फायबरचा २.४८८ गिगाबिट हा विचित्र वाटणारा आकडा म्हणजे त्या एसटीएम-१ ची १६ पट. तो वेग अनेक घरांत वाटला जातो, हेही तक्त्यात यायला हवे होते. डायल-अप आणि फायबर यांची मापे दोन वेगळ्या जगांतली आहेत, असे लेखात सुचवले आहे. ती एकाच घरातली आहेत.

दुरुस्त तक्ता पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ